पिल्लांवरची मरळ

"ती पिवळी ओढणी आधी पिशवीत टाक," कर्णिक सिस्टर म्हणाल्या. "मरळीला काठावरचं सगळं दिसतं. एवढं पिवळं हललं ना, की जी तळाला जाईल ती दुपारपर्यंत वर यायची नाही."

मी मुकाट्याने ओढणी पिशवीत कोंबली. नुकतंच उजाडत होतं. धरणाचा फुगवटा डोंगराच्या कुशीत पार आतपर्यंत शिरला होता आणि पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता. सिस्टरांनी मळकट हिरवी सुती साडी घोट्याच्या वर खोचली होती, वरून नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवला होता आणि पायात कापडी बूट होते. हातात दोन रॉड. त्यातला चांगला त्यांनी मला दिला.

"पाय आपटू नकोस. चोरासारखी चाल."

होणाऱ्या सासूपुढे चांगलं चालण्याचा सराव मी घरी आरशापुढे करून आले होते, पण चोरासारखं चालण्याचा नाही.

सिस्टर म्हणजे शिरीषची आई. धरणाच्या वरच्या अंगाला निगुडे नावाचं गाव आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. अख्ख्या खोऱ्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मीही तेच म्हणायला लागले. गळ टाकायला त्या नवऱ्याकडून शिकल्या आणि नवरा गेल्यावर त्याच्यापेक्षा चांगल्या टाकायला लागल्या, असं गावात बोललं जाई.

मी तेव्हा तिशीला टेकले होते. पुण्यात एका विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासायचं काम करत होते. कुणाचा पाय कसा मोडला, खरंच मोडला का, मोडला तर कुठे, हे विचारून लोकांच्या नाकी नऊ आणायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. शिरीष तिथेच भेटला. देखणा, हसतमुख, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. "तुझ्या नावातच सून आहे, सुनेत्रा," हे त्याचं पहिलं वाक्य, आणि मी त्याच्यावर भाळले. हसू नका. तिशीला टेकलेली बाई याहून फालतू वाक्यावरही भाळू शकते.

शिरीषचं पहिलं लग्न मोडलेलं होतं. ते त्याने लपवलं नव्हतं. बायको तापट होती, डोक्याने जरा अशीतशी; एकदा जिन्यावरून पडली, हात मोडून घेतला आणि आळ याच्यावर घेतला, असं त्याने मला डोळ्यात पाणी आणून सांगितलं होतं. मला पटलं, माझ्या वडलांना पटलं नाही. खूप रडारड झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्याच्या आईला येऊ दे. तिने रीतसर मागणी घातली तर माझी हरकत नाही. त्या बाईंचं नाव मी ऐकून आहे."

तेव्हा सगळी भिस्त सिस्टरांवर होती. त्या हो म्हणाल्या की नवरात्रात साखरपुडा, आणि नाही म्हणाल्या तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. त्यांनी आपण होऊन बोलावलं, तेही भर पक्षपंधरवड्यात. त्या दिवसांत आपल्याकडे कुणी नवं भांडं घेत नाही, मग सून कुठली बघणार! पण बाईंची हयात दवाखान्यात गेलेली, त्या कशाला असलं मानतील, अशी मी समजूत करून घेतली. शनिवारी संध्याकाळी शिरीषने मला मोटरसायकलवरून आणून सोडलं आणि "दोघी मोकळेपणाने बोला" म्हणून तो साताऱ्याला मित्राकडे गेला. रविवारी दुपारी तो मला इथेच काठावर घ्यायला येणार होता. आणि सासूबाईंनी मला लग्नाआधीच पाण्यात पाहायला आणलं होतं.

"गाठ मार," त्यांनी तंगुसाचं, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीचं टोक आणि एक रबरी बेडूक माझ्या हातात दिला. बेडकाच्या पाठीत दोन गळ लपवलेले होते.

मी गाठ मारून ओढायला लागले.

"थांब. थुंकी लाव आधी. कोरडी गाठ ओढलीस तर तंगूस भाजतो. दिसत नाही, पण मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो."

मी थुंकी लावली. मग त्यांनी गळाचं टोक माझ्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं. घसरला तर बोथट, अडकला तर ठीक. अडकला.

"आता ती पाण्यातली बाभळीची खोडं दिसतात? मासा तिथे सावलीत असणार. कुठे टाकशील?"

"खोडांपाशी."

"म्हणजे त्याच्या टाळक्यात घालशील! पलीकडे टाकायचं, मग हळूहळू त्याच्या अंगावरून आणायचं. दोन उड्या, जरा थांबायचं, पुन्हा एक उडी. बेडूक कधी घाईने पोहत नाही."

माझा पहिला बेडूक माझ्याच पायाशी पडला. दुसरा काठावरच्या करवंदीत. तिसरा नीट पलीकडे गेला आणि मी त्याला उड्या मारत आणायला लागले, तोच पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. मी असा हिसका मारला की बेडूक पाण्यातून सुटला, डोक्यावरून गेला आणि मागच्या झाडाला लटकला.

सिस्टर पोट धरून हसल्या. "बेडूक झाडावर चढवणारी पहिलीच बघितली."

"पण मासा होता ना?"

"होता की. मरळ आधी थप्पड मारते, मग तोंडात घेते, मग वळते. तू थप्पडेलाच ओढलंस. आवाजाला ओढू नये, वजनाला ओढावं. हातात जड लागेस्तोवर श्वास रोखून उभं राहायचं."

त्या हसल्या आणि माझ्या जिवात जीव आला. बाई आपल्यावर खूश आहे असं मला वाटलं. खूश होत्याच त्या. आज विचार करते तेव्हा वाटतं, खूश नसत्या तर त्यांचं काम सोपं झालं असतं.

थोड्या वेळाने त्यांच्या बेडकावर मरळ आली. आवाज झाला आणि त्या जागच्या हलल्या नाहीत. मी मनात ओरडत होते, ओढा, ओढा! मग रॉडचं टोक किंचित झुकलं आणि त्यांनी एकदाच, खांद्यापासून, ओढलं. हातभर लांब, काळपट, सापासारख्या डोक्याची मरळ काठावर आली. सिस्टरांनी आधी दोन्ही हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने धरलं तर तिचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिला रोग लागतो, असं त्या म्हणाल्या. पक्कडीने गळ काढला आणि तिला परत पाण्यात सोडलं.

"सोडलीत?"

"पंधरवडा आहे ना. घरात मासे करत नाही मी."

म्हणजे बाई मानत होत्या. मला जरा चमकल्यासारखं झालं, पण मी तो विचार बाजूला सारला.

वरच्या वाटेने एक म्हातारा गुराखी म्हशी घेऊन चालला होता. तो थांबला.

"शिष्टर, घावलं का काय?"

"घावलं आणि सोडलं, धोंडिबा."

"ह्या कोन? सूनबाई का?"

मी लाजून खाली बघितलं आणि उत्तराची वाट पाहिली.

"पाहुणी आहे आमची," सिस्टर म्हणाल्या.

पाहुणी तर पाहुणी. अजून ठरलं कुठे होतं! तरीही मला ते लागलं. मी विचार केला, आता आडून आडून नको, जेवताना सरळ विचारूनच टाकू.

आम्ही काठाकाठाने पुढे गेलो. जिथे ओढा फुगवट्याला मिळतो तिथे गवतात पाणी संथ होतं, आणि त्या संथ पाण्यात एके ठिकाणी भाताला आधण आल्यासारखी बारीक खळबळ चालली होती. मी वाकून पाहिलं. तांबूस रंगाची, तांदळाएवढी शेकडो पिल्लं एकमेकांना चिकटून वर येत होती, श्वास घेत होती आणि खाली जात होती. त्यांच्याखाली एक मोठी सावली हलली. सिस्टरांनी सोडलेल्या मरळीच्या दुप्पट होती ती. मी रॉड उचलला.

सिस्टरांनी तळहात रॉडवर ठेवून तो खाली केला. "ही नको."

"केवढी आहे पण!"

"पिल्लांवरची मरळ आहे. ती भुकेने धरत नाही. पिल्लांजवळ काहीही आलं की तोंड घालते. रबर आहे का बेडूक आहे, काही बघत नाही. हिला धरायला अक्कल लागत नाही."

"आणि धरली तर पिल्लांचं काय?"

"तासाभरात संपतात. बाकीचे मासे टपलेलेच असतात."

आम्ही दोघी गवतात बसलो. तो तांबूस घोळका वर यायचा, खाली जायचा, आणि ती सावली त्याच्याभोवती फिरत राहायची. सिस्टरांची नजर काही केल्या तिथून हलत नव्हती.

"किती दिवस राखते अशी?" मी विचारलं.

"महिनाभर. पिल्लं बोटाएवढी झाली की हुसकावून लावते. मग ओळखसुद्धा ठेवत नाही." त्यांनी रॉड मांडीवर आडवा ठेवला. "शहाणी असते."

मी डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. मी पहाटे उठून त्यांच्या स्वयंपाकघरात केल्या होत्या, छाप पाडायला. त्यांनी एक घास खाल्ला, छान झाल्यात म्हणाल्या, आणि मी संधी साधली.

"सिस्टर, नवरात्र बसलं की तुम्ही आमच्याकडे याल ना? बाबा वाट बघतायत."

"नाही."

मला वाटलं, तारीख जमत नसेल. "मग दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतरही नाही. मी तुला मागणी घालणार नाही, सुनेत्रा."

एवढा अपमान माझा आयुष्यात कुणी केला नव्हता. पहाटे उठून दशम्या काय केल्या, ओढणी काय काढली, चोरासारखी काय चालले! डोळे भरून आले आणि त्याचाच जास्त राग आला.

"माझ्यात काय कमी आहे?"

"काही नाही. म्हणूनच." त्यांनी हातातली दशमी डब्यात ठेवली. "वृंदाचं काय सांगितलंय त्याने तुला?"

वृंदा म्हणजे त्याची पहिली बायको. "जिन्यावरून पडली आणि हात मोडला म्हणून."

"कुठल्या जिन्यावरून?"

"तुमच्या घरच्या."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. आदल्या रात्री मी त्याच घरात झोपले होते. पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि परसात विहीर. वर नुसती कौलं. त्या घराला जिना नव्हता. आणि मी, लोकांच्या मोडलेल्या हातापायांचे हिशेब मागणारी बाई, त्या घरात जेवले, भांडी घासली, झोपले, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

"तेव्हा काय सांगितलं होतं ते त्याला आठवत नाही," सिस्टर म्हणाल्या, "कारण ते त्याने रचलंच नव्हतं. मी रचलं होतं. चौकीत मी विहिरीच्या पायऱ्या सांगितल्या. पायरीवर शेवाळ होतं म्हणाले. शेवाळ होतं खरंच. ती विहिरीवर गेली नव्हती, एवढंच."

पाण्यात पिल्लं पुन्हा वर आली होती.

"हात मीच बांधला तिचा. त्याआधी एकदा कान. कानाच्या वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला. हाताच्या वेळी मला सगळं माहीत होतं. तरी म्हटलं, माझं पोर आहे, चुकला, सुधारेल. या खोऱ्यात माझा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. वृंदाच्या वडलांनीसुद्धा माझं खरं मानलं, तिचं नाही मानलं. ती माझ्या पाया पडून गेली जाताना. पाया पडून!"

"तो बदलला असेल," मी म्हणाले. "माणूस बदलतो."

"बदलत असेल. मलाही तसंच वाटतं. पण मी आई आहे, मला वाटणारच. माझ्या वाटण्यावर तू जाऊ नकोस."

"मग एवढे दिवस गप्प का बसलात? घरी पत्र टाकायचं, नाहीतर बाबांना येऊन सांगायचं!"

"तुझ्या घरी येऊन नाही म्हटलं असतं, तर चार लोकांत तुझंच नाव खराब झालं असतं. पोरीत काहीतरी खोट असणार, म्हणाले असते. पक्षपंधरवड्यात लग्नाचा विषय कुणी काढत नाही. या दिवसांत तू इथे आलीस ती नुसती पाहुणी. उद्या कुणी विचारलं तर काही ठरलंच नव्हतं, असं सांगायला तू मोकळी." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि वृंदाला मागणी घालायला मीच गेले होते. तेव्हा मला माहीत नव्हतं."

मला त्यांचा संताप आला होता. या बाईने एका पोरीचं वाटोळं होताना पाहिलं आणि आता मला शहाणपण सांगते आहे! मी तसं बोललेही, याहून वाईट शब्दांत. त्यांनी ऐकून घेतलं. स्वतःची बाजू मांडली नाही.

"माझं खरं मानू नकोस," शेवटी त्या म्हणाल्या. "माझं खरं मानूनच सगळ्यांचं चुकलंय. त्यालाच विचार. माझ्यादेखत विचार."

मग त्यांनी रॉड पुन्हा माझ्या हातात दिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी उठून बाभळीच्या खोडांकडे गेले आणि बेडूक पलीकडे टाकला. एकदा आवाज झाला. मी ओढलं नाही. हाताला जड लागलं, चांगलं जड लागलं, तरी मी ओढलं नाही. थोड्या वेळाने तंगूस सैल झाला.

ऊन वर आल्यावर मोटरसायकलचा आवाज ऐकू आला. शिरीष वाटेच्या शेवटी गाडी लावून उड्या टाकत खाली आला. हातात कंदी पेढ्यांचा पुडा, अंगावर निळा शर्ट, आणि तेच हसू. इतकं छान हसू होतं त्याचं, की त्या क्षणीसुद्धा मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला असेल.

"काय सुनेत्राबाई! सासूला लावलंत का गळाला?"

सिस्टर गवतात बसून रीळ गुंडाळत होत्या. मी उभी होते.

"शिरीष, वृंदा कुठल्या जिन्यावरून पडली?"

"हे काय मध्येच?" तो अजून हसत होता.

"सांग ना."

"घरच्या. किती वेळा सांगायचं? जुनं झालं ते आता."

"घराला जिना नाही."

तो चिडला नाही. चिडला असता तरी मी कदाचित काहीतरी सबब शोधली असती त्याच्यासाठी. त्याने नुसती मान वळवली, घरी जेवताना पाणी मागतात तितक्या सहज, आणि म्हणाला, "आई, सांग गं हिला काय झालं होतं ते."

रीळ थांबलं. सिस्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"सांगितलं," त्या म्हणाल्या.

त्या एका शब्दाने त्यांचा मुलगा गेला. तो पुन्हा त्या घरी राहायला आला नाही, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं, कारण मी त्यांच्याकडे जात राहिले. पुष्कळ वर्षं जात राहिले. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं, मला नाही आणि त्यांनाही नाही.

शिरीष आईकडे बघत राहिला. ती अजून काहीतरी बोलेल, सावरून घेईल, म्हणून तो थांबला होता. त्यांनी रीळ पुन्हा गुंडाळायला घेतलं. हळूहळू त्याचं हसू गेलं. हातातल्या पुड्यावर त्याची मूठ आवळली, कागद फाटला आणि पेढे चेपून बोटांत आले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी नकळत एक पाऊल मागे सरले.

सिस्टर उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, वयाप्रमाणे उठल्या आणि येऊन आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. माझी पिशवी त्यांनीच उचलली.

"चल," त्या मला म्हणाल्या, "फाट्यावर एसटी थांबते."

मी पुढे निघाले. शिरीष मागून येत होता, काहीतरी बोलत होता, आधी गोड, मग चढ्या आवाजात, मग पुन्हा गोड. मी मागे वळून पाहिलं नाही. फाट्यापर्यंत सिस्टर त्याच्या आणि माझ्या मध्येच चालत होत्या.